कसरत, कंबर आणि कडी

सुट्टीच्या दिवशी माणसाने स्वस्थ पडून राहावं, हे एकच तत्त्व विश्रामने आयुष्यभर निष्ठेने पाळलं होतं. ते मोडायचं त्याने एका रविवारी सकाळी ठरवलं. तेही स्वतःच्या भल्यासाठी नव्हे, तर आईच्या. (स्वतःच्या भल्यासाठी त्याने आजवर काही मोडलं नव्हतं. मोडलेल्या गोष्टी सगळ्या अपघातानेच मोडल्या होत्या.)

विश्राम हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते ठेवलं त्याच्या आईने, शाळेच्या मैदानावर, भर दुपारी, सगळ्यांदेखत. ती त्याच शाळेत व्यायामशिक्षिका होती. 'सावधान' म्हटल्यावर अख्खी रांग खांबासारखी ताठ व्हायची आणि रांगेच्या टोकाला हा एक तेवढा सैल. "तुझ्यासाठी वेगळी ऑर्डर कशाला द्यायची? तू जन्मतःच विश्राम!" असं ती म्हणाली आणि नाव जे चिकटलं ते चिकटलंच. आता पन्नाशी दारात आली होती. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे बसून बसून पोट टेबलाच्या कडेवर विसावायला शिकलं होतं. पण कचेरीतला शिपाईसुद्धा "विश्रामसाहेब" म्हणूनच हाक मारायचा आणि त्यात कुणाला काही खटकायचं नाही.

आईला मात्र सगळे 'बाई' म्हणत. भाजीवाला बाई म्हणायचा, डॉक्टर बाई म्हणायचे. निम्म्या लोकांना बाईंनी लहानपणी मैदानाला फेऱ्या मारायला लावलेल्या होत्या, त्यामुळे बाई दिसल्या की आजही त्यांची पोटं आपोआप आत जायची.

अशा ह्या बाई ओल्या फरशीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, टाके निघाले, हाडही नीट जुळलं. डॉक्टरांनी विश्रामला बाजूला घेऊन सांगितलं, "आमचं काम झालं. आता पुढचं काम बाईंचं. ह्या महिन्यात त्या उठून चालायला लागल्या नाहीत ना, तर पायातली ताकद जाईल. मग खुर्ची ती खुर्चीच."

पण बाई उठेनात. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायच्या. न्हाणीघरापर्यंत जायचं तर मुलगा एका काखेत आणि सून दुसऱ्या काखेत, अशी वरात निघायची. व्यायाम शिकवायला एक तरणी पोरगी आली होती. तिने बाईंचा पाय वितभर उचलून घेतला आणि टाळ्या वाजवून म्हणाली, "वा वा, आजी! शाब्बास! शहाणं बाळ कोण आहे?" बाईंनी तिच्याकडे असं काही बघितलं की ती पिशवी घेऊन गेली ती परत आलीच नाही. नवा कोरा वॉकर कोपऱ्यात उभा होता. पहिल्या आठवड्यात सगळे त्याच्याकडे आशेने बघायचे. पुढे त्याच्यावर टॉवेल वाळत पडायला लागले.

विश्रामला त्या टॉवेलांचं फार वाईट वाटायचं. आई आजारी आहे हे त्याने मनात मान्य केलं होतं. पण आईच्या घरात व्यायामाच्या वस्तूवर टॉवेल? जगाचा काहीतरी कणा मोडल्यासारखं वाटायचं त्याला.

अशात कचेरीतल्या मीटर रीडरने त्याला एक व्हिडिओ दाखवला. 'घरच्या घरी बूट कॅम्प: रडा, पण थांबू नका!' त्यात एक फौजी कपड्यांतला, मानच नसलेला मनुष्य कॅमेऱ्याकडे बोट करून ओरडत होता आणि त्याच्यामागे सात-आठ माणसं बेडकांसारखी उड्या मारत होती. विश्रामच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आईसमोर आपण हे केलं तर? तोंडाने सांगून ती ऐकत नाही, पण डोळ्यांसमोर बघून तिचं रक्त उसळेल!

शनिवारी त्याने बायकोला बेत सांगितला. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि समोरच्याला एका नजरेत मापायची तिला सवय होती. तिने नवऱ्याला वरपासून खालपर्यंत मापलं.

"कल्पना चांगली आहे," ती म्हणाली. "आईंना चुकीचा व्यायाम मुळीच बघवत नाही. तुम्ही चुकीचं करत राहा, त्या दुरुस्त करायला उठतीलच."

"चुकीचं? अगं, मी बरोबर करणार आहे!"

"बरं. तुम्ही बरोबर करायला जा. पुढचं आपोआप होईल."

रविवारी ती दुकानात गेली आणि विश्राम कामाला लागला. टीपॉय भिंतीला लावला. सतरंजी गुंडाळली. कॉलेजातली हाफपँट माळ्यावरून काढली. ती बसली, फक्त श्वास पूर्ण बाहेर सोडायचा नाही, ह्या अटीवर. मोबाइल टीव्हीला जोडून तिथेच फळीवर ठेवला. आणि शेवटी दाराची वरची कडी घातली. खालच्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून आली की झोपायच्या आधी बाईंचं ब्लडप्रेशर बघायला केव्हाही डोकवायची. तिने विश्रामला ह्या हाफपँटीत बघावं असं त्याला वाटत नव्हतं. (ह्या एका लाजेने पुढे काय घडवलं ते दिसेलच.)

"काय चाललंय?" बाईंनी खुर्चीतून विचारलं.

"व्यायाम करतोय."

"कोण?"

"मी, आई."

बाईंनी खिडकीबाहेरची नजर आत वळवली. पुष्कळ दिवसांनी त्या कशाकडे तरी निरखून बघत होत्या. विश्रामला हुरूप आला. त्याने व्हिडिओ सुरू केला.

"तयार आहात का?" मानच नसलेला मनुष्य टीव्हीतून गरजला. "मला ऐकू नाही आलं!"

"आहे, आहे," विश्राम पुटपुटला.

आधी जागच्या जागी धावणं झालं. काचेच्या कपाटातल्या बशा किणकिणायला लागल्या. मग हात वर, पाय फाकून उडी. मग खाली बसून वर उडी. ह्यात खाली बसणं विश्रामला जमलं. वर उडीच्या वेळी टाचा तेवढ्या जमिनीवरून सुटायच्या.

"गुडघे आत पडतायत," बाई म्हणाल्या.

विश्राम मनातून उडाला. (शरीराने जे जमलं नव्हतं ते मनाने केलं.) "कसे, आई? दाखव ना जरा."

"दाखवायचं काय त्यात? बाहेर ठेव. आणि तोंड कशाला उघडं टाकलंयस? नाकाने श्वास घे."

"नाक पुरत नाही, आई!"

"आणि हा मेला ओरडतो का एवढा? मोजायचं सोडून नुसता ओरडतोय. मुलांना शिकवायची ही रीत? ते मागच्या रांगेतलं पोरगं बघ, केव्हाचं चुकतंय. ह्याचं लक्षच नाही त्याच्याकडे."

बाई खुर्चीत चक्क पुढे सरकून बसल्या होत्या. बेत लागू पडत होता! विश्रामने जीव खाऊन पुढचा प्रकार धरला. दोन्ही तळवे जमिनीवर, एक गुडघा छातीशी, दुसरा पाय मागे लांब, आणि अशा अवस्थेत पायांची अदलाबदल. डोंगर चढल्यासारखी, असं तो मनुष्य म्हणत होता. विश्रामला आपण डोंगराखाली सापडल्यासारखं वाटत होतं.

आणि त्या मनुष्याने खिशातून शिट्टी काढून फुंकली. एक लांबलचक शिट्टी.

टीव्हीतल्या सगळ्यांनी ताबडतोब व्यायाम बदलला. विश्राम आहे तसा थिजला.

त्याचा इलाज नव्हता. बाईंच्या मैदानावर एक लांब शिट्टी म्हणजे 'जसे असाल तसे पुतळे व्हा', आणि दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे 'मोकळे'. हाच कायदा घरातही होता. लहानपणी बहीणभावांची जुंपली की स्वयंपाकघरातून लांब शिट्टी यायची. मग बहिणीच्या मुठीत ह्याचे केस, ह्याच्या दातांत तिची बाही, आणि दोघं तसेच पुतळे. बाई भाजी परतून, हात पुसून सावकाश यायच्या, कुणाची चूक ते बघायच्या आणि मगच दोन छोट्या शिट्ट्या. इतक्या वर्षांत विश्राम पुष्कळ गोष्टी विसरला होता, पण त्याचं अंग हे विसरलं नव्हतं.

बाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहराच पालटला. "अरे! अजून थांबतोस?" त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून पहिल्यांदा हसल्या. "थांब, थांब, हलू नकोस, बघू दे मला. कंबर वर गेलीय. खाली घे. अजून. मान सरळ. हां! बघ, जमतं की तुला! शाळेत का नाही रे केलंस असं?"

विश्रामच्या दंडांना कापरं भरलं होतं, नाकावरून घाम टपकत होता, पण आई हसत होती. तिने 'जमतं की तुला' म्हटलं होतं. हे वाक्य ऐकायला त्याने चाळीस वर्षं वाट पाहिली होती. आता कोण हलणार? तो तसाच राहिला. बाईंना हसता हसता ठसका लागला. ठसका थांबून त्या 'मोकळा हो' म्हणेपर्यंत जो वेळ गेला, तेवढ्यात विश्रामच्या कमरेत कुणीतरी कुलूप फिरवून किल्ली काढून घेतल्यासारखं झालं.

"आई गं!"

"काय झालं?"

"कंबर. धरली. पूर्ण."

तो हळूहळू, भरलेलं पोतं कलंडावं तसा एका कुशीवर आला आणि बाईंच्या खुर्चीपासून दाराकडे, खोलीभर आडवा पडला. टीव्हीतला मनुष्य म्हणत होता, "रडा, पण थांबू नका!" पहिला भाग विश्राम मन लावून पाळत होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"बाई! अहो बाई! वर काय चाललंय? फर्निचर हलवताय का?" खालची नर्स होती. आवाजावरून झोपेतून उठून आली होती.

"फर्निचर नाही गं, सिस्टर," बाई म्हणाल्या. "मुलगा आहे. आणि तो हलतच नाहीये."

"काय? दार उघडा आधी!"

"विश्राम, ऊठ. दार उघड."

"आई, मला पापणीसुद्धा सांभाळून हलवावी लागतेय."

"दादा, कुठे दुखतंय? छातीत नाही ना?" नर्स दाराबाहेरून ओरडली.

"कमरेत! उसण भरलीय!"

"ओरडता येतंय ना, मग छाती ठीक आहे. पण उताणं-पालथं व्हायला जाऊ नका हं! मी आल्याशिवाय हलायचं नाही. दुसरी किल्ली कुठाय?"

"किल्लीचा उपयोग नाही," विश्राम जमिनीला सांगितल्यासारखा म्हणाला. "वरची कडी घातलीय."

"दिवसाढवळ्या वरची कडी कशाला घातलीत?"

ह्या प्रश्नाचं उत्तर विश्रामने अंगात घातलं होतं. ते तो दारातून कसं सांगणार?

टीव्हीतला मनुष्य "एनर्जी! एनर्जी!" करत होता. मोबाइल त्याच्याच पायाशी फळीवर. बायको संध्याकाळी येणार. बाई खुर्चीत, वॉकर त्यांच्या हाताच्या अंतरावर कोपऱ्यात, आणि कडी खोलीच्या पलीकडच्या टोकाला, वर.

विश्रामला जमिनीवरून आईचे फक्त पाय दिसत होते. सुजलेले घोटे, निळ्या पट्ट्यांच्या चपला. त्या चपला किंचित पुढे सरकल्या आणि पुन्हा मागे गेल्या. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. आणि त्या घोट्यांकडे बघताना त्याला एकदम उमगलं. इतके दिवस सगळ्यांना वाटत होतं आई हट्ट करतेय. हे पाय हट्टी नव्हते. घाबरलेले होते.

"आई," तो म्हणाला.

"मी पडेन रे," बाई म्हणाल्या. हा आवाज मैदानावरचा नव्हता. विश्रामने तो कधी ऐकलेलाच नव्हता. "आयुष्यभर पोरांना सांगितलं, पडलात तर हात झटका नि उठा. आणि त्या दिवशी मी पडले, तर मला उठताच आलं नाही. दोन माणसांनी उचललं मला, विश्राम. गाठोड्यासारखं. पुन्हा पडले तर?"

धीर देणारी भाषणं कुशीवर पडून देता येत नाहीत. त्याने जे दिसत होतं तेच सांगितलं.

"आई, मी तुझ्या खुर्चीपासून दारापर्यंत पसरलोय. कुठेही पडलीस तरी माझ्यावरच पडशील. मी मऊ आहे. सगळीकडून."

खुर्चीतून एक हुंकार आला. विश्रामला तो ओळखीचा वाटला. शर्यत सुरू होण्याआधी बाई असाच घसा साफ करायच्या.

वॉकरवरचे टॉवेल एकेक करून विश्रामच्या अंगावर येऊन पडले. शेवटचा तोंडावर आला. फुंकर मारून त्याने तो एका डोळ्यापुरता बाजूला केला. वॉकरचे चार रबरी पाय फरशीवर टेकले. चपला त्यांच्यामागे आल्या. खुर्ची करकरली, आणि मग पहिल्यांदाच त्या चपलांवर आईचं सगळं वजन आलेलं त्याने पाहिलं.

"सिस्टर," बाईंनी हाक मारली, "मी येतेय. घाई करू नकोस."

"मी कशाला घाई करतेय, बाई! या, या! आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला!"

"मला माहितेय! मी शिक्षिका आहे!"

वॉकर पुढे. दुखरा पाय. चांगला पाय. पुन्हा वॉकर. विश्राम श्वास रोखून बघत होता. (हाफपँटीच्या दृष्टीनेही ते बरंच होतं.) मध्येच वॉकर थांबला.

"तुझे पाय किती लांबवर गेलेत रे? आवर."

"आवरता आले असते तर दार मीच उघडलं नसतं का?"

"लहानपणापासून हा असाच. वाटेत." वॉकर उचलला गेला, विश्रामच्या नडगीवरून पलीकडे टेकला, आणि त्याच्यामागून निळ्या पट्ट्यांची एक चप्पल हवेत आली. ती तिथे जरा थरथरली. विश्रामने डोळे मिटले. उघडले तेव्हा दोन्ही चपला पलीकडे होत्या.

दारापाशी जाऊन बाई पुन्हा थांबल्या. वरच्या कडीला हात घालायचा तर एक हात वॉकरवरून सोडायला हवा. त्यांच्या बोटांची पकड घट्ट झालेली त्याला खालूनही कळली. टीव्हीतला मनुष्यसुद्धा नेमका पाणी प्यायला थांबला होता.

"टाचा उचलायच्या नाहीत," बाई स्वतःशीच पण मोठ्याने म्हणाल्या. "खांदा मोकळा. नजर वर." आणि कडी खाडकन सरकली.

नर्स आत आली ती थेट बाईंना बिलगली. "बाई! तुम्ही उभ्या! आपल्या आपण!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंना खुर्चीपर्यंत न्यायला ती त्यांच्यासोबत चालायला लागली, आणि वाटेत विश्रामला ओलांडून गेली, उंबरा ओलांडावा तितक्या सहजपणे.

"सिस्टर, मी," विश्राम म्हणाला.

"हो हो दादा, तुमच्याकडे येतेच. बाई, दम लागलाय का? पाणी देऊ?"

बाई मात्र टीव्हीसमोर थांबल्या. मानच नसलेला मनुष्य पुन्हा गरजायला लागला होता. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, त्या तरण्या पोरीकडे बघितलं होतं तसं. "गुडघे आत पडतायत तुझे," त्या म्हणाल्या आणि बटण दाबून त्याला घालवून दिलं.

संध्याकाळी सून दुकानातून आली. दार सासूबाईंनीच उघडलं. ती दारातच पर्स टाकून रडायला लागली, मग हसायला लागली, मग सासूचा हात धरून दोघी व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. नर्स दोन वेळा वर येऊन कौतुक करून गेली. शेजारपाजार लोटला. येणारा प्रत्येक जण आतल्या खोलीत डोकावून, पाठीखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन उताण्या पडलेल्या विश्रामला म्हणत होता, "आई चालल्या म्हणे! तुम्हाला केवढा आनंद झाला असेल!" आणि विश्राम आढ्याकडे बघत "हो, फार," म्हणत होता. ते खरंही होतं. आनंदाने हसायचा मोह होत होता, पण हसलं की कमरेत कळ यायची, म्हणून तो फक्त ओठांनी हसत होता.

मग परगावच्या बहिणीचा फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकला.

"वहिनी, खरंच? आपणहून चालली? कुणी करून घेतलं तिच्याकडून?"

"तुमच्या दादांनी," बायको अभिमानाने म्हणाली, आणि आतल्या खोलीत विश्रामची छाती पलंगावरच्या पलंगावर फुगली. "म्हणजे ते वाटेत पडले होते."

"दादा पडला? लागलं का त्याला?"

"छे गं," बाईंनी फोन स्वतःकडे ओढला. आवाज मैदानाच्या पार पलीकडच्या टोकापर्यंत जाणारा होता. "त्याला काय होतंय? इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर असून मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, माझीच चूक. सिस्टरने त्याला थोडं बरं वाटलं की माझ्या ताब्यात द्यायचं कबूल केलंय. रोज सकाळी मी चालताना त्यालाही घेणार आहे."

"अगं पण आई, झेपेल का दादाला?"

"घाई नाही करणार," बाई म्हणाल्या. "आधी त्याला नीट उभं राहायला शिकवते."